तीन क्लास सोडले, आता कुठला योगा करू?

वाचक विचारतात: मी ४४ वर्षांची आहे, चिंचवडला राहते, अकाउंट्सचं काम करते. दिवसाचे नऊ तास कॉम्प्युटरसमोर, मान आणि खांदे कायम आखडलेले. गेल्या दीड वर्षात तीन ठिकाणी योगा सुरू करून सोडला. आधी जिममधला पॉवर योगा, तिथे मजा यायची पण दोन महिन्यांत उजवं मनगट दुखायला लागलं. मग अय्यंगार पद्धतीचा क्लास, तिथे एकाच आसनात उभं करून ठेवायचे, पट्टे, विटा, खुर्च्या, मला कंटाळा यायचा आणि एकदा शिकवणाऱ्या बाई सगळ्यांसमोर ओरडल्या म्हणून अडीच महिन्यांनी बंद केला (मान त्या काळात बरी होती, पण ते मध्ये दिवाळीची सुट्टी झाली म्हणून असेल). मग मोबाईलवर व्हिडिओ लावून घरी, तो आठवड्यात बारगळला. माझी जाऊ माझ्याच वयाची, ती रोज अष्टांग करते, पाय डोक्यामागे नेते, घरच्या ग्रुपवर फोटो टाकते. नवरा म्हणतो तुझी सगळ्यातच धरसोड. आता एक मैत्रीण म्हणते प्राणायाम आणि योगनिद्रा कर, दुसरी म्हणते रोज बारा सूर्यनमस्कार घाल, बास. खरा योग नक्की कुठला आणि मला कुठला सूट होईल? की माझ्यातच चिकाटी नाही?

---

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या कंसातल्या ओळीपाशी अडले. "मान त्या काळात बरी होती." अहो, ज्या मानेसाठी तुम्ही दीड वर्ष हिंडताय ती मान अडीच महिने बरी होती आणि ते तुम्ही कंसात टाकून दिवाळीच्या नावावर मांडून मोकळ्या झालात! दिवाळीची सुट्टी किती, चार दिवस, फार तर पाच, आणि त्यात आपण बायका मान मोडेपर्यंत फराळच करत असतो. बाकीच्या दोन महिन्यांचं काय?

त्या ओळीकडे परत येऊच, आधी चिकाटीचं बोलू, कारण मला वाटतं पत्र लिहिताना तुम्हाला खरं तेच खुपत होतं.

पॉवर योगा तुम्ही मनगट दुखायला लागलं म्हणून सोडलात. बरोबर केलंत. हा प्रकार अमेरिकेत नव्वदच्या दशकात आपल्या म्हैसूरच्या अष्टांग विन्यासावरून तयार झाला, त्यात एका आसनातून दुसऱ्यात जाताना दर वेळी तळहातांवर येऊन, कोपर वाकवून, शरीर जमिनीशी समांतर धरायचं असतं, चतुरंग म्हणतात त्याला. तासाभरात हे किती वेळा होतं ते मोजा एकदा, वीस-तीस वेळा सहज होतं, आणि दर वेळी शरीराचं बरंचसं वजन मागे वाकलेल्या मनगटावर. ज्या बाईची मनगटं आधीच नऊ तास कीबोर्डवर असतात तिला हे लगेच झेपणार नाही, आधी खांदे आणि दंड तयार करावे लागतात, आणि जिमच्या तीस जणांच्या बॅचमध्ये तेवढी सवड कुणाला नसते. तर तुमच्या शरीराने सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत, याला धरसोड म्हणत नाहीत.

मी ऐकलं नव्हतं. पस्तिशीत असताना एका क्लासला जायचे, तिथले सर पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय लांब करून पुढे वाकलेलं असताना, पाठीवर हाताने दाबायचे, माझी उजवी मांडी मागून पार वरपर्यंत खेचली जायची, एक दिवस तिथे काहीतरी कट् झालं आणि तरीही मी पुढचे तीन आठवडे जात राहिले, का तर पैसे भरलेत आणि मैत्रिणी म्हणतील हिने सोडलं. नंतर चार महिने मला खुर्चीत धड बसता येत नव्हतं. म्हणून कुणी सोडण्याला सरसकट चिकाटीचा अभाव म्हटलं की मी जरा चिडते.

आता "खरा योग कुठला". हा प्रश्न मला खूप जण विचारतात आणि त्यामागे असं धरलेलं असतं की कुठेतरी एक मूळ शुद्ध पद्धत आहे, बाकी सगळ्या भेसळ. मी तुम्हाला एक गोष्ट सांगते, तुम्हीच ठरवा. म्हैसूरला कृष्णमाचार्य नावाचे मोठे योगाचार्य होते, १९३० च्या दशकात राजवाड्यातल्या योगशाळेत शिकवायचे. त्यांचे विद्यार्थी बरेचसे दहा-बारा-पंधरा वर्षांचे मुलगे, मग त्यांना काय शिकवणार, उड्या, श्वासाच्या लयीत एकामागून एक आसनं. तिथे शिकलेले पट्टाभी जोईस यांनी ती लय पुढे नेली, तेच तुमच्या जाऊबाईंचं अष्टांग. तिथेच शिकलेले दुसरे बी. के. एस. अय्यंगार, लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय सगळं भोगलेला किडकिडीत मुलगा, १९३७ मध्ये शिकवायला पुण्यात आले ते इथलेच झाले. त्यांनी स्वतःच्या आणि पेशंट लोकांच्या शरीरावर इतकी वर्षं काम केलं की आसनात थांबणं, हाडं-सांधे नीट रांगेत आणणं, आणि ज्याचा हात जमिनीला लागत नाही त्याच्या हाताखाली वीट देणं, ही त्यांची पद्धत झाली. आणि खुद्द कृष्णमाचार्य उतारवयात चेन्नईला एकेका माणसाला समोर बसवून त्याचं वय, दुखणं, श्वास बघून शिकवायला लागले, त्यांचे चिरंजीव देशिकाचार यांनी पुढे तेच नेलं. म्हणजे गुरू एकच, आणि समोर पोरगा आहे, आजारी माणूस आहे की साठीची बाई आहे त्याप्रमाणे शिकवणं बदलत गेलं. मग यातला खोटा कुठला म्हणायचा?

अजून मागे जायचं तर पतंजलींच्या योगसूत्रांत आसनावर तीनच सूत्रं आहेत, त्यातलं पहिलं "स्थिरसुखमासनम्", स्थिर आणि सुखाचं ते आसन. हठप्रदीपिकेत पंधरा आसनं सांगितलीत, घेरंडसंहितेत बत्तीस. आजच्या कुठल्याही क्लासमध्ये करतात त्यातलं निम्मं जुन्या ग्रंथांत सापडायचं नाही आणि त्याने काही बिघडत नाही. तर खरा कुठला हे सोडून द्या आणि "माझ्या या मानेला, या मनगटाला, या वेळापत्रकाला काय मानवतंय" एवढंच बघा, हा प्रश्न छोटा आहे आणि त्याचं उत्तर मिळण्यासारखं आहे.

तर आता कंटाळ्याकडे येते. "एकाच आसनात उभं करून ठेवायचे." मला तो क्लास डोळ्यांसमोर दिसतो, बहुतेक त्रिकोणासन असणार. पाय साडेतीन-चार फूट लांब, उजवं पाऊल बाहेर वळवलेलं, उजवा हात खाली विटेवर, डावा वर. पहिल्या दहा सेकंदांत वाटतं झालं की, जमलं. मग बाई म्हणतात डाव्या टाचेची बाहेरची कड दाबा, आणि तुम्ही ती दाबता तेव्हा कळतं की ती उचललेली होती. मग म्हणतात उजव्या गुडघ्याची वाटी वर ओढा. मग वरचा खांदा मागे. आणि तो खांदा मागे गेला की मान, जी इतका वेळ आपण स्क्रीनकडे बघतो तशी पुढे काढून धरलेली असते, ती आपोआप पाठीच्या कण्याच्या रेषेत येते. एक मिनिटाचं काम, पण मानेला हे दिवसभरात दुसरं कोणीच सांगत नाही. मला वाटतं तुमची मान तिथे बरी होती ती याने.

मग कंटाळा का यायचा? याची दोन कारणं असू शकतात आणि ती वेगळी करणं तुमच्याच हातात आहे. एक म्हणजे दिवसभर डोक्याचं काम करून आलेल्या माणसाला संध्याकाळी पुन्हा "हे लक्ष दे, ते लक्ष दे" नको असतं, त्याला हलायचं असतं, घाम काढायचा असतो. तसं असेल तर हाच क्लास सकाळच्या बॅचला वेगळा वाटू शकतो. दुसरं म्हणजे सुरुवातीला आपल्याला आतलं काही जाणवतच नाही, टाच कुठे, बरगडी कुठे, सगळं एकच गाठोडं वाटतं, आणि जाणवायला लागेपर्यंत ते नुसतं ताटकळत उभं राहणं असतं. हे दोन-तीन महिन्यांत बदलायला लागतं, आणि तुम्ही नेमक्या त्याच सुमाराला सोडलंत. तिसरी शक्यताही आहे, की तुमचा स्वभावच हालचालीचा आहे आणि थांबणं तुम्हाला कधीच आवडणार नाही. तसं असलं तरी काही हरकत नाही, फक्त ते ओरडा खाल्ल्याच्या रागात ठरवू नका.

त्या ओरडण्याबद्दल. अय्यंगार पद्धतीत आवाज चढवून शिकवण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे, अय्यंगार गुरुजी स्वतःही कडक म्हणून प्रसिद्धच होते. काहींना त्या कडकपणात आपुलकी दिसते. मला विचाराल तर चाळिशीतल्या नोकरदार बाईला चारचौघांत ओरडून गुडघा सरळ होत नाही, उलट खांदे कानापर्यंत चढतात. पण ताई, ती एक बाई होती आणि तुम्ही अख्खी पद्धत सोडलीत. भाजीवाला उद्धट निघाला म्हणून आपण भाजी खायची थांबत नाही, दुसऱ्याकडे जातो. पुण्यात तर या पद्धतीचे शिक्षक शोधायला लांब जावं लागत नाही, १९७५ पासून त्यांची मुख्य संस्था इथेच आहे, तिथे वर्षानुवर्षं शिकलेले लोक गावभर वर्ग घेतात. जाऊन बसा, एक तास नुसतं बघा. मी नवीन क्लास बघताना एकच गोष्ट बघते, सगळ्यात मागच्या ओळीत, सगळ्यात कडक शरीराचा जो माणूस असतो त्याच्यापाशी शिक्षक जातो का आणि जाऊन काय करतो. पुढच्या लवचिक मुलींकडेच बघत राहिला तर मी परत जात नाही.

जाऊबाईंचे फोटो. हे नाजूक आहे पण बोलायला हवं. पाय डोक्यामागे जाणं हे बरंचसं खुब्याच्या सांध्याच्या घडणीवर असतं, खोबणी कशी, हाडाचं डोकं कुठल्या कोनात बसलंय, आणि ते जन्मतःचं असतं, माणसामाणसात वेगळं. काहींना आयुष्यभर प्रयत्न करून पद्मासन लागत नाही आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो. जाऊबाईंना अष्टांग मानवतंय, छान आहे, ती फार शिस्तीची पद्धत आहे, आठवड्याचे सहा दिवस, पौर्णिमा-अमावास्येला सुट्टी, ठरलेल्या क्रमाने तेच तेच. रोज तेवढं करणाऱ्या बाईचं मला कौतुक आहे. पण तो फोटो तुमच्या मानेबद्दल काहीच सांगत नाही. ग्रुप म्यूट करा महिनाभर, नात्याला धक्का लागत नाही त्याने.

आता मैत्रिणींचे सल्ले. सूर्यनमस्कार आपल्याकडे घराघरातले, औंध संस्थानाच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, तर आपल्या शाळांत मुलांना घालायला लावले, सूर्यनमस्कारांबद्दल मला प्रेमच आहे. पण त्यातही तळहातावर वजन येतंच. मनगट पूर्ण बरं होईपर्यंत नको, आणि मग सुरू केलेत तर चारपासून, सावकाश, आकड्याच्या मागे न लागता. प्राणायाम करायला हरकत नाही, साधा, नाडीशोधन (एकेका नाकपुडीने आळीपाळीने श्वास), भ्रामरी (भुंग्यासारखा गुंजारव), श्वास न कोंडता. पण मान आणि खांदे आखडलेले असताना ताठ बसताच येत नाही वीस मिनिटं, म्हणून आधी आसनं, मग प्राणायाम, हा जुना क्रम मला पटतो. योगनिद्रा मात्र आजपासून करा. बिहारच्या मुंगेरच्या स्वामी सत्यानंदांनी तिला आजचं रूप दिलं, आडवं पडून सूचना ऐकत शरीराच्या एकेका भागावर मन फिरवायचं, एवढंच. रात्री झोप उशिरा लागणाऱ्या बायकांना मी पहिलं हेच सांगते. त्याच परंपरेत पवनमुक्तासनाची मालिका आहे, घोटे, गुडघे, मनगटं, खांदे, मान, एकेक सांधा श्वासाबरोबर हळूहळू फिरवायचा, दिसायला अगदीच किरकोळ, आणि खुर्चीवरच्या नोकरीला इतकं उपयोगी दुसरं काही मी पाहिलं नाही. ऑफिसात दुपारी चारला खुर्चीतच होतं. ठाण्याला असाल तर घंटाळी मित्र मंडळात ही परंपरा वर्षानुवर्षं शिकवली जाते, नागपूरकरांना रामनगरचं जनार्दनस्वामी मंडळ सांगायला नको, तिथे तर मोफत शिकवतात.

आणि तुम्हाला थांबणंही नको आणि पळणंही नको असं वाटलं तर तिसरी वाट तुमच्याच लोकलच्या शेवटी आहे. चिंचवडहून लोणावळा गाडीत बसलात की कैवल्यधाम, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये सुरू केलेलं, योगाचे शरीरावर काय परिणाम होतात ते प्रयोग करून तपासायला आपल्याकडे सुरुवातीलाच हात घातला तो त्यांनी. तिथली पद्धत सौम्य, आसनात जाणं-येणं संथ, जोर लावायचा नाही, मध्ये मध्ये विश्रांती. चार-सहा दिवस जाऊन राहता आलं तर बघा, नुसतं आपल्याला कुठला वेग आवडतो हे कळायलाही त्याचा उपयोग होईल.

करायचं कसं ते सांगते, आणि हे बाकीच्या वाचकांनाही लागू आहे. आधी डॉक्टर. मानेचं दुखणं हातात उतरत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, किंवा मनगट अजूनही सकाळी उठल्यावर दुखत असेल तर कुठल्याही क्लासच्या आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. मग एकच पद्धत निवडा आणि तिला आठ आठवडे द्या, आठवड्यातून तीन दिवस, पहिल्या तीन-चार तासांवरून मत बनवायचं नाही. पैसे महिन्याचे भरा, वर्षाची स्कीम कितीही स्वस्त वाटली तरी नको, भरलेल्या पैशापायी माणूस नको तिथे टिकतो. पहिल्याच दिवशी शिक्षकाला बाजूला घेऊन सांगा की माझं मनगट असं, मान अशी, तुम्ही माझ्यासाठी काय बदलाल? ज्याला उत्तर येतं तो लगेच म्हणतो की अमुक आसन तुम्ही भिंतीला हात लावून करा किंवा कोपरांवर करा. "करत राहा, होईल सवय" असं म्हणणाऱ्याकडे थांबू नका. आणि मला विचारल्याशिवाय दाबायचं नाही हेही तेव्हाच सांगून टाका, यात संकोच कसला.

वहीत रोज तीन गोष्टी लिहा, एकेका शब्दात. संध्याकाळी पाच वाजता मान कशी होती, रात्री झोप कशी लागली, आणि दुसऱ्या दिवशी क्लासला निघताना पाय जड होते का. क्लासमध्ये कसं वाटलं ते लिहूच नका, कारण घाम आला, गाणी लावली होती, बॅच छान होती, याने तो तास छान जातो आणि दुसऱ्या दिवशी खांदा वर होत नाही. तुमच्याकडे ही वही असती तर त्या कंसातलं वाक्य कंसात गेलं नसतं. स्नायू ताणल्याचं ओढलेपण एक-दोन दिवस असतं आणि जातं, ते चालतं. सांध्यात, हाडापाशी, टोचल्यासारखं दुखलं तर तिथल्या तिथे बाहेर यायचं, शिक्षक काहीही म्हणो.

व्हिडिओबद्दल एवढंच, की तो तुम्हाला बघत नाही. घरून करायचं असेल तर लाईव्ह क्लास घ्या आणि फोन असा ठेवा की पायापासून डोक्यापर्यंत आख्खी मॅट शिक्षकाला दिसेल.

ज्यांना बीपी आहे त्यांनी शीर्षासन आणि जोरजोरात करायचे कपालभाती-भस्त्रिका परस्पर सुरू करू नयेत. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं नकोतच. हाडं ठिसूळ झाली असतील तर कमरेतून जोर लावून पुढे वाकणं टाळा. मानेचा स्पॉन्डिलायटिस असेल तर सर्वांगासन, हलासन माहितगार शिक्षकाशिवाय अजिबात नको. साठीच्या पुढच्यांनी खुर्चीवरच्या योगाला कमी लेखू नका, माझ्या आईने एकाहत्तराव्या वर्षी खुर्चीची पाठ धरून वीरभद्रासन शिकलं आणि आता ती रिक्षात चढताना कुणाचा हात मागत नाही.

राहता राहिले तुमचे यजमान. त्यांच्याशी वाद घालू नका, आठ आठवडे ते तीन दिवस संध्याकाळचा स्वयंपाक त्यांच्याकडे द्या किंवा डबा लावा, कारण मला खात्री आहे की व्हिडिओवाला योगा आठवड्यात बारगळला तो चिकाटी नसल्याने नाही, कुकरच्या शिट्टीने बारगळला. घरात मॅट घातली की घर आपल्याला मोकळं सोडत नाही. बाहेरचा क्लास तुम्ही अडीच महिने केलात हे विसरू नका.

माझं मत विचाराल तर अय्यंगार पद्धतच पुन्हा, दुसऱ्या शिक्षकाकडे, जमल्यास सकाळची बॅच, आणि बाकीच्या दिवशी ऑफिसात पवनमुक्तासनातले मान-खांदे आणि रात्री योगनिद्रा. आठ आठवड्यांनी वहीत मान बरी आणि पाय जड असं निघालं तर लोणावळ्याची सौम्य पद्धत बघू. मान बरी नाही निघाली तर मी चुकले, तसं मला लिहा, आपण पुन्हा बसू. तोवर पट्टा विकत आणायची घाई नको, जुन्या सुती ओढणीची चार पदरी घडी चालते, फक्त सिल्कची घेऊ नका, ती पायावरून सटकते.